सातही पांढऱ्या माद्याच का? गोराईतल्या लाव्यांचं एक प्रकरण

गोराई गावठाणात एका कोळ्याच्या घरामागे, पत्र्याच्या शेडखाली जपानी लाव्यांचं खुराडं आहे. एक नर, चार माद्या. होडी नवऱ्याची, लावे बायकोचे. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला सर. त्यांची मुलगी कनिष्ठ महाविद्यालयात माझ्याकडे जीवशास्त्र शिकली, तेव्हापासूनची ओळख. अंडी बोरिवलीच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे जातात आणि थोडी घरच्या मशीनमध्ये उबवायला ठेवली जातात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. रानातले लावे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते पकडून पाळणं गुन्हा आहे. इथे विषय पाळीव जपानी लाव्याचा आहे. हा पक्षी १९७४ मध्ये भारतात आला, आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे त्याच्या सुधारित जाती तयार केल्या.

ताईंचे पाचही पक्षी नेहमीच्या तपकिरी रंगाचे. पिल्लंही तशीच निघायची, पिवळट अंगावर काळसर पट्टे असलेली. मग एका उबवणीत पट्टे नसलेलं, फिकट पिवळं पिल्लू निघालं. डोळे गुलाबी. ताईंचा फोन आला, "सर, मशीन जास्त तापलं असेल का? परवा लाइट गेलेली." पुढच्या खेपेला आणखी दोन निघाली. तेव्हा सासूबाईंनी खाद्यावर ठपका ठेवला आणि शेजाऱ्यांनी "एकाच रक्तातले पक्षी असतील" असा निकाल दिला.

तिन्ही अंदाज तपासण्याजोगे होते. मशीनचं तापमान चुकलं तर भ्रूण मरतात, पिल्लं अशक्त किंवा वाकड्या पायांची निघतात, उबवणीचे १७-१८ दिवस पुढेमागे होतात. पण एकाच ट्रेमधल्या एका पिल्लाचा रंग नेमका पुसायचा आणि शेजारच्या अंड्याला हात लावायचा नाही, हे उष्णतेला जमत नाही. खाद्याचंही तसंच. लायसिन कमी पडलं की टर्कीच्या पिसांत पांढरे पट्टे येतात, हे खरं. पण ते वाढत्या पिसांत येतात. अंड्यातून निघतानाच डोळा गुलाबी असेल तर खाद्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. राहिला रक्ताचा मुद्दा. तो अर्धा बरोबर होता, आणि अर्ध्या बरोबर उत्तरावर थांबलं की पुढचा निर्णय हमखास चुकतो.

मी ताईंना दोनच गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या: पांढऱ्या पिल्लाचा डोळा कसा आहे आणि मोठं झाल्यावर ते नर ठरतं की मादी. पिसांचा रंग किती पांढरा, किती पिवळट, याला तूर्त महत्त्व नव्हतं.

डोळ्याचं कारण असं. पांढरे लावे दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी तयार होतात. पहिल्या प्रकारात रंगपेशी त्वचेपर्यंत पोचतच नाहीत. या पेशी भ्रूणाच्या पाठीकडच्या चेतापट्टीच्या काठावर जन्मतात आणि तिथून अंगभर पसरतात. हा प्रवास ज्या प्रयोगांनी दाखवला, ते कोंबडीच्या भ्रूणात लाव्याच्या पेशी बसवून केलेले होते. फ्रेंच संशोधक निकोल ल दुआरँ यांचं हे काम १९६९ पासूनचं. लाव्याच्या पेशीचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं ओळखू येतं, म्हणून कोणती पेशी कुठून कुठे गेली ते दिसलं. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे: पक्ष्याला रंग कुठून मिळतो हे आपल्याला ज्यांनी सांगितलं, त्यांत लावाच आघाडीवर होता. या पेशी वाटेत अडकल्या तर पिसं पांढरी होतात, पण डोळा काळाच राहतो, कारण डोळ्याच्या पडद्यामागचा रंगीत थर त्या पेशींचा नसतो, तो डोळ्याच्या स्वतःच्या ऊतीतून बनतो. पांढऱ्या अंगावर गडद ठिपके असलेला ‘पांडा’ लावा याच गटातला.

दुसऱ्या प्रकारात रंगपेशी सगळीकडे वेळेवर पोचतात, पण त्यांच्यात रंगद्रव्य नीट बनत नाही. मग पिसांसोबत डोळाही रंगहीन होतो आणि आतलं रक्त दिसून गुलाबी भासतो. ही वर्णहीनता, म्हणजे अल्बिनिझम. ताईंची पिल्लं या दुसऱ्या गटातली होती. मोठेपणी त्यांच्या पाठीवर अगदी फिकट, पिवळसर नक्षीची सावली दिसायची, म्हणून शास्त्रीय भाषेत ही अपूर्ण वर्णहीनता.

जपानी लाव्यातली ही वर्णहीनता लिंगाशी जोडलेली आहे, हे १९६४ मध्येच नोंदलं गेलं. २००७ मध्ये कोंबडी आणि लावा दोघांतही तिचं मूळ एकाच जनुकात सापडलं: एसएलसी४५ए२. हे जनुक झेड गुणसूत्रावर बसतं, आणि ताईंच्या खुराड्यातल्या कोड्याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

माणसात मुलाचं लिंग बापाकडून ठरतं, पक्ष्यांत उलट आहे. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. नर पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक झेड मिळतो. मादी पिल्लाला आईकडून डब्ल्यू येतो, म्हणून तिचा एकुलता एक झेड नेहमी बापाचा. आता समजा नराच्या दोन झेडपैकी एकावर वर्णहीनतेचं जनुक आहे. हे जनुक अप्रभावी, दुसरा झेड धड असल्यामुळे नर तपकिरीच दिसतो. तो वाहक. त्याच्या निम्म्या मुलींना सदोष झेड जातो, आणि तो झाकायला दुसरा झेड नसल्यामुळे त्या पांढऱ्या होतात. मुलांपैकी निम्मे वाहक निघतात, पण आईचा झेड धड असल्यामुळे पांढरा एकही होत नाही. एकूण पिल्लांत चारात एक पांढरं, आणि ते मादीच.

उलट हा दोष साध्या, लिंगाशी न जोडलेल्या जनुकाचा असता तर नर आणि मादी दोघंही वाहक असावी लागली असती आणि पांढऱ्यांत नर-मादी सारख्याच निघाल्या असत्या. तिथेही चारात एकच पांढरं. म्हणजे नुसतं प्रमाण मोजून काही कळलं नसतं. कळणार होतं ते पांढऱ्यांचं लिंग पाहून.

आणि इथेच अडचण होती. तपकिरी लाव्याचं लिंग तीन आठवड्यांत कळतं: नराची छाती सपाट तांबूस, मादीच्या छातीवर काळे ठिपके. पांढऱ्या पक्ष्याच्या छातीवर ना तांबूस, ना ठिपके. ताईंनी आकारावरून दोन पांढऱ्यांना ‘नर’ ठरवून वेगळंही ठेवलं होतं. सहा आठवडे थांबावं लागलं. वयात आलेल्या नराच्या शेपटीखाली, गुदद्वाराच्या वरच्या अंगाला फुगीर ग्रंथी येते, ती हलक्या बोटाने दाबली की साबणासारखा पांढरा फेस बाहेर येतो. ताई एकेक पक्षी उलटा धरून अंगठ्याने दाबून पाहत होत्या. तपकिरी नरांचा फेस बोटाला लागत होता, पांढऱ्यांपैकी एकाचाही नाही. चार दिवसांनी त्या दोन ‘नरां’पैकी एकाने अंडं घातलं.

ते अंडंही पाहण्यासारखं होतं: नेहमीसारखंच भुरकट, तपकिरी-काळ्या डागांचं. सासूबाईंनी पांढरं अंडं येईल असं धरलं होतं. पण अंड्याच्या टरफलाचा रंग मेलॅनिनचा, म्हणजे पिसांना आणि डोळ्यांना रंग देणाऱ्या द्रव्याचा नसतो. तो प्रोटोपॉर्फिरिन या वेगळ्या द्रव्याचा, गर्भाशयात टरफलावर चढणारा. मेलॅनिनचं काम बंद पडलं तरी हे चालू राहतं.

अंड्यांवरून पुढचा मार्गही सापडला. चार माद्या एकत्र असताना कुठलं पिल्लू कोणाचं हे कसं ठरवणार? प्रत्येक मादीसाठी वेगळा पिंजरा ठेवायला जागा नव्हती. पण प्रत्येक लावीची अंड्यावरची नक्षी तिची स्वतःची असते आणि ती जवळजवळ कायम तशीच राहते. ताईंना हे आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्याचा उपयोग कधी केला नव्हता. एकीचे मोठे शाईसारखे डाग, दुसरीची बारीक रवाळ ठिपक्यांची, तिसरीचं अंडं बरंचसं कोरं आणि एका टोकाला डागांचा पुंजका, चौथीवर खडूसारखा पांढुरका थर. त्यांनी पेन्सिलीने अंड्यांवर १ ते ४ आकडे घातले, आणि पिल्लं निघायच्या आधी प्रत्येक आकड्याची अंडी जाळीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली. पिल्लांच्या पायात रंगीत रिंगा.

सात पांढरे पक्षी मोठे होईपर्यंत नोंद पूर्ण झाली. सातही माद्या. त्या तीन वेगवेगळ्या आयांच्या. दोष साध्या जनुकाचा असता तर सातही पांढरे पक्षी निव्वळ योगायोगाने मादी निघण्याची शक्यता १२८ त एक, शिवाय चारपैकी किमान तीन माद्या वाहक असाव्या लागल्या असत्या. दुसऱ्या बाजूला, फक्त एक नर वाहक मानला की सगळं जुळतं. शेजारी अर्धे बरोबर होते ते इथे: कारण रक्तातच होतं, पण जोडी एकाच रक्तातली असायची गरज नव्हती. हा नर ताईंनी एका दुकानातून आणला होता. त्याची आई पांढरी असेल किंवा बाप वाहक, त्याच्याकडे पाहून ते कळणं शक्य नव्हतं.

ताळा म्हणून नर बदलला. लावीच्या शरीरात नराचे शुक्राणू साठून राहतात आणि नर काढल्यावरही आठ-दहा दिवस ती फलित अंडी देऊ शकते, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांची अंडी खाण्यासाठी बाजूला काढली. मग दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या घरून आणलेला नर सोडला. त्याच माद्या, तेच मशीन, तेच खाद्य. पिल्लं सगळी पट्ट्यांची. या नराखाली दोन पांढऱ्या माद्याही ठेवल्या, त्यांचीही पिल्लं सगळी तपकिरी. पांढऱ्या आईची मुलं दिसायला तपकिरी, आतून वाहक. मुलींना मात्र बापाचा धड झेड मिळालेला.

यातून कामाची गोष्ट अशी निघते: तपकिरी मादी कधीच वाहक नसते. तिच्याकडे झेड एकच, तो सदोष असता तर ती पांढरी दिसली असती. ताई सगळे तपकिरी पक्षी काढून टाकायच्या विचारात होत्या. तसं केलं असतं तर निम्मा धड कळप विनाकारण गेला असता. संशय फक्त तपकिरी नरांवर. आणि जुन्या नराचे काही मुलगे त्यांनी आधीच उत्तन आणि मनोरीत ‘जोडी’ म्हणून विकले होते. त्यांनी एकेकाला फोन करून सांगितलं, की या नरापासून गुलाबी डोळ्यांची पिल्लं निघू शकतात. कोणी त्यांना ते करायला लावलं नव्हतं, आणि मला या सगळ्या प्रकरणात त्याचं मोल सर्वांत जास्त वाटतं. वाहक नर गुपचूप गावोगाव जातो तेव्हा पुढच्या घरात पुन्हा मशीनला दोष दिला जातो.

आता पैशाचा प्रश्न. एका पक्षीविक्रेत्याने पांढऱ्या माद्या पाहिल्या आणि गुलाबी डोळ्यांच्या जोडीला तपकिरी जोडीपेक्षा बराच जास्त भाव देऊ केला. पण जोडी म्हणजे पांढरा नर हवा, आणि त्याला दोन्ही झेड सदोष लागतात. सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे जुना वाहक नर त्याच्याच पांढऱ्या मुलीवर सोडणं: निम्मी पिल्लं पांढरी, नरही आणि माद्याही. विक्रेत्याने हेच सुचवलं होतं.

गोराईच्या खाडीपलीकडे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बाजीराव नावाचा पांढरा वाघ होता, तो २०१९ मध्ये गेला. ताईंनी मुलीला शाळेत असताना तो दाखवला होता. पांढऱ्या वाघाचा रंग ज्या जनुकातल्या बदलामुळे येतो, ते २०१३ मध्ये कळलं: तेच एसएलसी४५ए२. बदल वेगळा, आणि वाघात हे जनुक लिंग गुणसूत्रावर नाही, म्हणून पांढरे नर-मादी दोन्ही होतात; काळे पट्टे आणि निळसर डोळे राहतात, त्यामुळे तो पूर्ण अल्बिनो नव्हे. १९५१ मध्ये रीवा संस्थानाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. साध्या वाघिणीपासून त्याला सगळी पिवळी पिल्लं झाली. मग त्याची जोडी त्याचीच मुलगी राधा हिच्याशी लावली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. पुढे बंदिस्त पांढरे वाघ वाढवताना नात्यातल्या जोड्या पुन्हा पुन्हा लावल्या गेल्या, आणि तिरळेपणासारखे दोष त्यांच्यात ओळीने दिसत राहिले. विक्रेता सांगत होता तो हाच रस्ता.

बाप-मुलीच्या पिल्लात अंतःप्रजननाचं, म्हणजे नात्यातल्या जोडीतून होणाऱ्या प्रजननाचं प्रमाण २५ टक्के येतं. लावा हे फार वाईट सोसतो. काही पिढ्यांतच अंडी फलित होणं, पिल्लं निघणं, जगणं सगळंच घसरतं. मी ताईंना कागदावर दुसरा मार्ग काढून दाखवला. एका पांढऱ्या मादीला बाहेरचा नर द्या. तिचे सगळे मुलगे वाहक, हे नक्की. त्यांतला एक, वेगळ्या आईच्या पांढऱ्या मादीला द्या, म्हणजे त्याच्या सावत्र मावशीला. चारात एक पिल्लू पांढरा नर निघेल, आणि अंतःप्रजनन ६.२५ टक्के. एक पिढी, म्हणजे साधारण दोन-तीन महिने जास्त. अंड्यांच्या नक्षीवरून कोणती पांढरी मादी कोणाची हे लिहून ठेवलेलं होतं, म्हणूनच हा हिशोब करता आला.

पांढऱ्या नराचा एक खरा उपयोगही आहे. तो तपकिरी माद्यांवर सोडला की सगळ्या मुली पांढऱ्या आणि सगळे मुलगे तपकिरी निघतात. म्हणजे पहिल्याच दिवशी लिंग कळतं. अंड्यांसाठी फक्त माद्या वाढवणाऱ्याला याचा फायदा असतो, खाद्य वाचतं.

तरीही ताईंनी हा मार्ग घेतला नाही, आणि त्याचं कारण त्यांनी खुराड्यासमोर बसून पाहिलं होतं. पांढरी मादी मान किंचित डोलवत उभी राहते. खाद्याचं भांडं वीतभर सरकवलं तर ती आधी जुन्याच जागी चोच मारते, मग इतर पक्ष्यांच्या टोचण्याच्या आवाजाकडे वळते. नर अंगावर आला की तपकिरी माद्या लगेच बाजूला होतात. तिला उशिरा कळतं, आणि डोक्यावरची पिसं सगळ्यात आधी तिचीच जातात. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आलं की ती डोळे मिटून कोपऱ्यात बसते. डोळ्यात रंगद्रव्य कमी असलं की आत शिरणारा उजेड आवरत नाही. आणि गोष्ट तिथेच संपत नाही. या वर्णहीन वाणाच्या लाव्यांना वाढत्या वयात काचबिंदू होतो. जपानी संशोधकांनी १९८० च्या दशकात काचबिंदूच्या अभ्यासासाठीच हे पक्षी वापरले. विक्रेत्याला नकार देताना ताई एवढंच म्हणाल्या, "दादा, दिसत नाही त्यांना नीट. मुद्दाम कशाला वाढवू?" माझंही मत तेच आहे. अंगणात पांढरा लावा हवाच असेल तर काळ्या डोळ्यांचा घ्यावा. इज्जतनगरच्या संस्थेने पांढऱ्या पिसांची ‘कारी श्वेता’ ही जात काढलेली आहे, आणि पांडाही मिळतो.

सात पांढऱ्या माद्या आहेत तिथेच आहेत. त्यांचा कप्पा वेगळा केला आहे, नराविना. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट लावलं आहे आणि खाद्य-पाण्याची भांडी तारेने जागच्या जागी बांधली आहेत. अंडी इतरांइतकीच देतात, ती खायला विकली जातात. जुना नर उबवणीतून काढला आहे.

राहिले त्याचे घरात असलेले तीन तपकिरी मुलगे. त्यांना पांढऱ्या माद्यांवर सोडलं असतं तर निकाल लवकर लागला असता, कारण तिथे नर-मादी प्रत्येक पिल्लू पुरावा देतं. पण त्या त्यांच्या बहिणी, म्हणून ताईंनी बाहेरून आणलेल्या तपकिरी माद्या दिल्या. इथे फक्त मुली मोजायच्या: वाहकाची प्रत्येक मुलगी पांढरी निघण्याची शक्यता निम्मी, म्हणून सलग सात तपकिरी मुली झाल्या की तो वाहक असून निसटण्याची शक्यता १२८ त एक उरते. हिरव्या रिंगेच्या नराची पहिल्याच उबवणीत गुलाबी डोळ्यांची मुलगी निघाली, त्याचा प्रश्न मिटला. निळ्या रिंगेच्या नराच्या सात मुली तपकिरी झाल्या आणि तो आता मोठ्या खुराड्यात आहे. पिवळ्या रिंगेच्या नराच्या पाच झाल्या आहेत. आणखी दोन होईपर्यंत त्याचं एकही पिल्लू ताई घराबाहेर देणार नाहीत.